थांब म्हणणारं कोणीतरी

परवा माझी भाची फोंड्याहून आली. बरोबर तिचा आठ वर्षांचा मुलगा. पोरगा आल्याआल्या मागच्या परसात पळाला आणि भाची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "मामा, पुढच्या महिन्यात मुंबईला ऑडिशन आहे. आठ दिवस तरी राहावं लागेल. तुम्ही चला ना बरोबर. तो तुमचं ऐकतो."

पोराचा गळा चांगला आहे, यात शंका नाही. आमच्या घराण्यात गाणं असं कोणाचंच नव्हतं. माझे वडील आरत्या खणखणीत म्हणायचे, तेवढंच. हा मुलगा मात्र चौथ्या वर्षापासून ऐकलेलं सुरात म्हणतो. हरकती घेतो, जागा दाखवतो. ऐकणाऱ्याला वाटावं की मागच्या जन्मीचं काहीतरी बरोबर घेऊन आला आहे.

"शाळेचं काय?" मी विचारलं.

"बाईंशी बोलले आहे. बुडलं तर बुडलं आठ दिवस. मामा, अशी संधी सारखी येते का? तुम्हीच तर त्याला जगासमोर आणलंत!"

हे शेवटचं वाक्य तिनं कौतुकानं म्हटलं. मला मात्र ते टोचलं. का टोचलं ते शेवटी सांगतो. आधी एक गोष्ट सांगतो. तशी ती खरीच घडलेली आहे, पण तिची बांधणी थेट परीकथेची आहे.

ओडिशात भुवनेश्वरच्या एका झोपडपट्टीत २००२ साली एक मुलगा जन्मला. नाव बुधिया सिंग. वडील वारले, आई धुण्याभांड्यांची कामं करायची, पदरात आणखी मुलं. पोटाला घालता येईना म्हणून आईनं त्याला आठशे रुपयांना एका फेरीवाल्याला देऊन टाकलं. वस्तीत बिरंची दास नावाचे ज्युदोचे प्रशिक्षक होते. या पोरानं काहीतरी व्रात्यपणा केला, शिवीगाळ केली म्हणून त्यांनी शिक्षा दिली, मी येईपर्यंत धावत राहा. दास आपल्या कामाला निघून गेले आणि विसरले. पाच तासांनी परत येऊन पाहतात तर पोर अजून धावतंच आहे! निदान गोष्ट तरी अशीच सांगितली जाते. दासांनी त्याला फेरीवाल्याकडून सोडवलं, आपल्या घरी आणलं, खाऊपिऊ घातलं आणि पळवायला सुरुवात केली.

२ मे २००६ रोजी बुधिया पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेनं धावत निघाला. वय वर्षं चार. ठरवलं होतं सत्तर किलोमीटर. सात तास दोन मिनिटांत पासष्ट किलोमीटर झाले आणि पोर कोसळलं. मे महिन्यातला ओडिशाचा उन्हाळा कसा असतो हे तिथं गेलेल्यांना विचारा. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या मॅरेथॉनमध्ये ते पूर्ण अंतर धावायला अठरा वर्षांखालच्याला प्रवेशच नसतो. या मुलानं त्याच्या दीडपट अंतर कापलं होतं, आणि तो अजून शाळेच्या वयाचाही झाला नव्हता.

लिम्का बुकात नाव आलं. टीव्हीवाले आले, सत्कार झाले, हार पडले. पाच वर्षांचा होण्याआधी अठ्ठेचाळीस मॅरेथॉन धावला, असं त्याच्याबद्दल सांगितलं जाऊ लागलं. आठशे रुपयांचं पोर देशाचं लाडकं झालं. आता परीकथेचा नियम काय? इथं ‘ते सुखानं नांदू लागले’ असं म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं.

पण मूल म्हणजे काही पुस्तक नव्हे. चौथ्या वर्षी गोष्ट संपली म्हणून पाचवं वर्ष यायचं थांबत नाही. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पोर कुपोषित निघालं, अंगात रक्त कमी, हृदयावर ताण. राज्य सरकारनं लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली. दास म्हणाले, हे पोराचं भविष्य मारणं आहे. बालकल्याणवाले म्हणाले, हा पोराचा छळ आहे. झोपडपट्टीतले लोक एका बाजूला, अधिकारी दुसऱ्या बाजूला, वर्तमानपत्रं दोन्ही बाजूंना. २००७ च्या ऑगस्टमध्ये छळाच्या आरोपावरून दासांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारला. बुधियाला भुवनेश्वरच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात ठेवलं गेलं. १३ एप्रिल २००८ रोजी दासांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या माणसानं शोधलं तो गेला, आणि ज्याला शोधलं तो वसतिगृहातल्या अनेक मुलांपैकी एक झाला. मोठ्या स्पर्धांच्या निकालात पुढे त्याचं नाव कधी झळकलं नाही. २०१६ साली त्याच्यावर हिंदी चित्रपट आला. मनोज वाजपेयींनी दासांचं काम केलं, आणि छोटा बुधिया झाला होता मयूर पाटोळे हा मराठी मुलगा. चित्रपटाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे गोष्टीला पुरस्कार मिळाला. ज्याची गोष्ट होती तो तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि त्याला लोक अजून विचारत होते, पुन्हा कधी धावणार?

या कथेत खलनायक कोण, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडत असे. आधी दासांचा राग यायचा. मग वाटायचं, दास नसते तर पोर त्या फेरीवाल्याकडेच राहिलं असतं, त्याच्या पोटात दोन घास घालणारं दुसरं कोण होतं? सरकारचा राग यावा तर डॉक्टरांचा अहवाल समोर आहे. आईचा राग यावा तर तिच्या चुलीकडे बघा आणि मग बोला. हळूहळू माझ्या लक्षात आलं की या गोष्टीतलं सगळ्यात भयंकर वाक्य सुरुवातीलाच येऊन गेलेलं आहे. ‘मी येईपर्यंत धावत राहा.’ धाव म्हणणारा होता. थांब म्हणणारा निघून गेला होता. आणि पोर आज्ञाधारक होतं!

लहानपणी अँडरसनच्या परीकथांत ‘लाल बूट’ नावाची गोष्ट वाचली होती. १८४५ सालची. करेन नावाची गरीब मुलगी असते, तिला लाल बुटांची भारी हौस. एक वृद्ध श्रीमंत बाई तिला सांभाळते. बूट मिळतात, लोक बघतात, हिलाही बघितलेलं आवडतं. मग ते बूट नाचू लागतात आणि थांबतच नाहीत. पायांतून निघतही नाहीत. दिवस नाही, रात्र नाही, शेतातून, रानातून बूट तिला नाचवत नेतात. शेवटी ती स्वतःच एका माणसाच्या दारात जाऊन पाय तोडून मागते. पाय तुटतात, आणि बूट त्या पायांसकट पुढे नाचत निघून जातात. त्या वयात ही गोष्ट वाचून मी रात्री पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. परीकथा लिहिणारे आपल्यापेक्षा शहाणे होते, एवढंच म्हणेन. प्रसिद्धी पायात घालता येते, काढता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आता कोणी म्हणेल, मग काय लहान मुलांनी गाऊच नये? नाचू नये? असं म्हणणारा मी कोण! गोव्याच्या मातीत वाढलेल्या माणसानं तर असं मुळीच म्हणू नये. आपल्याकडे देवळाच्या मंडपात पेटीवर बोटं ठेवून, भजनात टाळ धरून, चवथीच्या आरतीत ओरडून ओरडूनच मुलं सुरात आली. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा पोरसवदाच होते. वडील गेल्यावर लताबाईंनी घराचा भार उचलला तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. लहान वयात रंगमंचावर जाणं हे काही आजचं नाही.

पण याच बाबतीत एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ साली शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा जन्मला. पाच-सहा वर्षांचा असताना तो मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवू लागला. लोक थक्क झाले. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. वडील स्वतः गाणारे होते, ते त्याला घेऊन गावोगाव फिरू लागले. जलसे, तिकिटं, पदकं. म्हणजे बघा, हाही बुधियाच. धावण्याच्या ऐवजी गाणं, एवढाच फरक. हुबेहूब नक्कल करणारं मूल किती दिवस आवडतं? आवाज फुटेपर्यंत. नंतर तीच नक्कल मोठ्या माणसानं केली तर लोक जांभई देतात.

अकरा-बारा वर्षांच्या या मुलाला मुंबईत प्रा. बी. आर. देवधर भेटले. त्यांनी त्याला आपल्या संगीत शाळेत ठेवून घेतलं. गाण्याचे कार्यक्रम काही अगदी बंद झाले नाहीत, पण आता पोराला नक्कल सोडून गाणं म्हणजे काय ते शिकायचं होतं. आजूबाजूला तऱ्हेतऱ्हेचे गवई येत होते, ऐकायला मिळत होतं, विचार करायला वेळ होता. आपल्या पेडण्याकडच्या, मालपेच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही कुमारांनी तालीम घेतली. सुराकडे कसं बघायचं ते त्यांनी दाखवलं. पुढे १९४८ च्या सुमारास क्षयानं गाठलं, देवासला जाऊन राहावं लागलं, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. त्या सक्तीच्या शांततेत माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली आणि १९५३ च्या सुमारास जो माणूस पुन्हा गायला बसला तो वेगळाच होता. त्या गाण्याला कोणाची रेकॉर्ड समोर ठेवावी लागत नव्हती.

देवधर भेटले नसते तर? ‘अद्भुत बालगायक’ म्हणून दहा-पंधरा वर्षं नाव झालं असतं आणि मग जुन्या जाहिरातींत कुठंतरी उरलं असतं. देवधरांनी काय केलं? त्यांनी नुसतं ‘थांब’ म्हटलं नाही. ‘थांब, इथं बस, आता हे शीक’ असं म्हटलं आणि स्वतः शेजारी बसले. बुधियाच्या गोष्टीत सरकारनंही ‘थांब’ म्हटलं होतं. पण ते कागदावरचं थांब होतं. सांगणारा शिक्का मारून निघून गेला. पोराला तेवढंच कळलं की माझ्याकडे जी एक गोष्ट होती ती काढून घेतली. त्याऐवजी त्याच्या हातात तोडीचं काही पडलं नाही. बंदी घालणं सोपं, बसून शिकवणं कठीण. माझं एवढंच म्हणणं आहे. मूल प्रसिद्ध होणं ही आपत्ती नव्हे. प्रसिद्ध झालेल्या मुलाजवळ ‘पुरे’ म्हणणारं आणि म्हणून झाल्यावरही तिथंच थांबणारं माणूस नसणं, ही आपत्ती.

२००८-०९ ची आठवण काढा. झी मराठीवर ‘लिटिल चॅम्प्स’ लागलं की आपल्या गोव्यात वाडेच्या वाडे टीव्हीसमोर असायचे. कार्तिकी, प्रथमेश, आर्या, मुग्धा, रोहित ही जणू आपल्या घरची पोरं. कोण गेलं, कोण राहिलं, यावरून जेवणावर भांडणं व्हायची, एसेमेस पाठवण्यासाठी लोक मोबाईलमध्ये पैसे भरायचे. मीही भरले. ही मुलं पुढे नीट गात राहिली, याचा आनंद आहे. पण का राहिली ते बघा. आर्या आंबेकरचंच घ्या. आई स्वतः गायिका आणि आईच गुरू. टीव्हीचा दिवा विझल्यावरही घरात तंबोरा होता. तो पाच जणांचा चेहरा आपल्या लक्षात राहिला. पहिल्या-दुसऱ्या फेरीत रडत घरी गेलेल्या मुलांचे चेहरे आठवतात का? मला एकही आठवत नाही. त्यांना मात्र ती संध्याकाळ नक्की आठवत असणार.

कायदा झोपलेला आहे असं नाही. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी मर्यादा घातल्या गेल्या. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतले निदान वीस टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. चांगले नियम आहेत. अमेरिकेत असा कायदा व्हायला जॅकी कूगनला कोर्टात जावं लागलं होतं. चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मधला तो गोंडस पोरगा. मोठा झाल्यावर कळलं की लहानपणी कमावलेल्या लाखो डॉलरांतलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही, आई आणि सावत्र बापानं उडवलं. १९३८ साली त्यानं दावा लावला, १९३९ साली कॅलिफोर्नियात त्याच्या नावाचा कायदा आला. त्याचं बालपण मात्र कुठल्या कोर्टानं परत दिलं नाही.

आणि आज तर स्टुडिओच्या दाराशी जायचीही गरज उरलेली नाही. स्टुडिओ आपल्या खिशात आहे. स्वयंपाकघरात आई मोबाईल उभा करते, पोरगी नाचते, संध्याकाळपर्यंत किती जणांनी पाहिलं ते मोजलं जातं. फ्रान्सनं २०२० मध्ये अशा मुलांसाठीही कायदा केला. पण माझ्या घरातल्या स्वयंपाकघरात पाच तास मोजायला कोण येणार? तिथं इन्स्पेक्टर आपणच, मालक आपणच, आणि टाळ्या वाजवणारे प्रेक्षकही आपणच.

आता ते टोचलेलं वाक्य. ‘तुम्हीच तर त्याला जगासमोर आणलंत!’

गेल्या श्रावणात आमच्या गावच्या देवळात सप्ताह होता. पोरगा संध्याकाळी एक अभंग गायला. सुरेख गायला. मी मोबाईलवर टिपून घेतला आणि नातेवाईकांना पाठवला. ते नंतर कुठं कुठं पोचलं देव जाणे, दुबईहून फोन आले. त्या रात्री मंडळींनी त्याला आणखी दोनदा गायला लावलं. साडेअकराला तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. तोंड उघडं, हातात अर्धा खाल्लेला लाडू. इतक्यात कोणी पाहुणे आले, वजनदार माणूस. कमिटीतल्या एकानं माझ्याकडे बघून हात जोडले. म्हणाला, "एकच, साहेबांसाठी."

आणि मी त्याला उठवलं. दुसऱ्या कोणी नाही, मीच. गालावर पाणी लावून उठवलं. तो उठला, डोळे चोळले, एक शब्द बोलला नाही. पेटीजवळ जाऊन बसला आणि गायला. सुरात गायला! लोकांनी माना डोलावल्या, पाहुण्यांनी पाचशेची नोट दिली. परत आल्यावर त्यानं मला विचारलं, "आजोबा, आता झोपू?"

बिरंची दासांवर इतकी वर्षं मनातल्या मनात खटला चालवणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही. पाच तास पळायला लावणारे फक्त भुवनेश्वरच्या झोपडपट्टीत असतात असं समजत होतो. आमच्या अंत्रुज महालात, देवाच्या दारात, प्रेमानं, कौतुकानं आम्ही तेच करत होतो. आणि पोर आज्ञाधारक होतं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिला आवडलं नाही. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मामा, तुम्हाला सोपं आहे बोलायला. उद्या मोठा झाल्यावर तो म्हणाला, आई, तू मला नेलं का नाहीस, तर मी काय सांगू?" प्रश्न खरा आहे. त्यालाही माझ्याकडे छापील उत्तर नाही. मी म्हटलं, ने. ऑडिशनला ने, पण आठ दिवस नाही, दोन दिवस. नाही म्हणाले तर त्याच दिवशी चौपाटीवर घेऊन जा. हो म्हणाले तर सही करायच्या आधी विचार, शाळा कशी होणार, रात्री किती वाजता सोडणार, झोपणार कुठं. आणि निवड होवो न होवो, आल्यावर दर रविवारी मी त्याला फोंड्यातल्या बुवांकडे घेऊन जाईन. बाहेर बाकावर बसेन. पाच वर्षं बसावं लागलं तरी बसेन. पेन्शनर माणूस आहे, मला दुसरं काम काय?

पुढचा श्रावण आला की सप्ताहही येईल. पोरगा एक अभंग गाईल आणि दुसऱ्यासाठी गलका होईलच, आपल्या लोकांना वन्समोअरची सवय आहे. या वेळी पुढच्या रांगेत बसून मीच म्हणणार आहे, पुरे आता, झोपू दे त्याला. कमिटीवाले रागावले तर रागावोत. तुमच्या गावच्या मांडवात असं पोर गात असेल तर तुम्हीही तेवढं एकदा म्हणून बघा. टाळ्या वाजवणाऱ्यानं म्हटलेलं ‘पुरे’ पोराला शिक्षा वाटत नाही.